समितीच्या खोलीतला खासदार

आपल्यापैकी बहुतेकांची आणि खासदाराची गाठ पडते ती 'मीट द पीपल सेशन'ला. संध्याकाळी खुर्च्यांवर रांगेने बसायचे, फ्लॅटचा, दंडाचा किंवा मुलाच्या शाळेचा प्रश्न मांडायचा, खासदारसाहेबांकडून पत्र लिहून घ्यायचे आणि घरी यायचे. त्यांचे दुसरे दर्शन घडते टीव्हीवर, अंदाजपत्रकाच्या चर्चेत बोलताना. पण खासदाराचे एक तिसरे काम आहे, जे आपल्याला क्वचितच दिसते. ते काम समितीच्या खोलीत चालते. घरातले निर्णय दिवाणखान्यात जाहीर होतात, पण ठरतात स्वयंपाकघरात. संसदेचेही थोडेफार तसेच आहे.

सिंगापूरच्या संसदेत कायमस्वरूपी अशा सात समित्या असतात. निवड समिती इतर समित्यांचे सदस्य ठरवते. लोकलेखा समिती महालेखापरीक्षकांचा अहवाल हाती घेऊन मंत्रालयांना जाब विचारते. अंदाज समिती सरकारी खर्चाचे आकडे तपासते. विशेषाधिकार समिती सदस्यांच्या वर्तनाची चौकशी करते. २०२२ साली सभागृहात खोटे बोलल्याबद्दल रईसा खान या माजी सदस्येला ३५,००० डॉलरचा दंड झाला, तो याच समितीच्या शिफारशीवरून. याखेरीज विनंतीअर्ज, सभागृहाची व्यवस्था आणि कामकाजाचे नियम यांसाठी प्रत्येकी एक समिती आहे.

वाचकांनी इथे एक घोटाळा टाळावा. वर्तमानपत्रांतून 'जीपीसी' म्हणून ज्या समित्यांचा उल्लेख येतो, त्या संसदेच्या नव्हेत. १९८७ साली सत्ताधारी पीपल्स अॅक्शन पार्टीने आपल्या खासदारांसाठी त्या स्थापन केल्या. साक्षीदार बोलावण्याचा, कागदपत्रे मागवण्याचा अधिकार संसदेच्या समितीला असतो, पक्षाच्या समितीला नाही.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची ती सिलेक्ट कमिटी, म्हणजे प्रवर समिती. विधेयकाचे पहिले वाचन ही केवळ औपचारिकता असते. दुसऱ्या वाचनात त्यामागच्या तत्त्वावर चर्चा होते. तत्त्व मान्य झाले की कलमवार तपासणी. ती एकतर संपूर्ण सभागृहच समिती बनून करते किंवा मोजक्या सदस्यांच्या प्रवर समितीकडे सोपवते. विधेयक प्रवर समितीकडे गेले की जनतेकडून लेखी निवेदने मागवली जातात. निवेदन पाठवायला पक्ष लागत नाही, मोठी संघटना लागत नाही. साधा नागरिकही पाठवू शकतो. समितीला वाटले तर ती त्याला समोर बोलावून प्रश्न विचारते.

याचे आपल्या घराशी नाते काय, हे दोन उदाहरणांवरून कळेल. एकाहून अधिक बायका करण्याची मुसलमानेतर समाजातली वाट ज्या 'विमेन्स चार्टर'ने बंद केली, त्याचे विधेयक १९६० साली प्रवर समितीकडे गेले होते. तिथून पुढे ते २४ मे १९६१ रोजी संमत झाले आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरपासून लागू झाले. आपल्याकडची लग्ने सप्तपदीने लागली तरी कायद्याने ती याच चौकटीत बसतात.

दुसरे उदाहरण आई-वडिलांचे. १९९४ साली वॉल्टर वून या नामनियुक्त सदस्याने पालक-निर्वाह विधेयक आणले. मुलांनी सांभाळले नाही तर म्हाताऱ्या आई-बापांना त्यांच्याकडून पोटगी मागता यावी, हा त्याचा गाभा. विरोधही पुष्कळ झाला. मायेचे नाते कोर्टकचेरीत नेऊ नये, घरे फुटतील, असे कित्येकांनी म्हटले. विधेयक प्रवर समितीपुढे गेले आणि वर्षभराहून अधिक काळ लोटल्यावर नोव्हेंबर १९९५ मध्ये त्याचा कायदा झाला. तक्रारींसाठी न्यायाधिकरण १९९६ मध्ये सुरू झाले. ६० वर्षांवरील, सिंगापूरमध्ये अधिवास असलेले आणि इथेच राहणारे पालक तिथे दाद मागू शकतात. म्हणजे पुण्या-साताऱ्यात राहणाऱ्या आईला हा कायदा उपयोगी नाही; तिथे मुलाची सद्बुद्धीच कामी यायची! २०२३ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन, ज्या पालकांनी मुलांना छळले वा टाकून दिले त्यांच्या अर्जावर बंधन आले. ही दुरुस्तीही मंत्र्यांनी नव्हे, साध्या खासदारांनीच आणली. एकटा सदस्यसुद्धा काय करू शकतो, हे यावरून दिसते.

मात्र नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सभागृहातले पक्षबळ शक्यतो समितीतही उतरावे असा नियम असल्याने तिथेही बहुमत सत्ताधाऱ्यांचेच असते. शिवाय साक्षीदाराची खुर्ची मऊ नसते. १९८६ साली वकिली व्यवसायाच्या विधेयकावर लॉ सोसायटीच्या वकिलांना खुद्द पंतप्रधान ली क्वान यू यांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागले, आणि ते लोकांनी टीव्हीवर पाहिले. २०१८ साली ऑनलाइन खोट्या बातम्यांविषयी १० सदस्यांची समिती बसली. तिच्याकडे १६९ लेखी निवेदने आली, ८ दिवस सुनावणी चालली. त्यात पी. जे. थम या इतिहासकाराची कायदामंत्र्यांनी जवळजवळ सहा तास उलटतपासणी केली. अलीकडे तर विधेयके प्रवर समितीकडे फारशी जातच नाहीत. संधी विरळ झाली, म्हणून ती आल्यावर दवडू नये.

समित्यांचे हे महत्त्व एका मराठी माणसाने फार लवकर ओळखले होते. भारताच्या लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव उर्फ दादासाहेब मावळंकर हे ते. त्यांच्या कारकिर्दीत अंदाज समिती आली, आणि मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पुढे पाळली की नाही हे पाहणारी समितीही आली. दिलेल्या शब्दाचा हिशेब ठेवणारी समिती, ही कल्पनाच किती सुंदर आहे!

आता आपले पाहू. इथल्या सभागृहात मलय, इंग्रजी, मँडरिन आणि तमिळ या चार भाषांत बोलता येते. शाळेत तमिळखेरीज बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू या पाच भारतीय भाषांना १९९० पासून वाट मिळाली. मराठी त्यांत नाही, म्हणून आपली मुले बहुधा हिंदी घेतात. आपण मूठभर आहोत. मतांच्या गणतीत आपला आवाज ऐकू येणे कठीण. परंतु समितीपुढच्या निवेदनात माणसे मोजत नाहीत, मुद्दे वाचतात. विचारपूर्वक लिहिलेले दोन पानी निवेदन हजारांच्या सह्यांइतकेच वाचले जाऊ शकते.

तेव्हा पुढच्या वेळी निवेदने मागवल्याची सूचना वर्तमानपत्रात दिसली, तर ते पान रद्दीत टाकण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलांसमोर ठेवू या. एकाने सांगावे, दुसऱ्याने लिहावे. आणि खासदारांना भेटू तेव्हा आपल्या कामाच्या पत्राबरोबर एक प्रश्नही विचारू : साहेब, आपण कोणत्या समितीवर आहात, आणि तिथे काय केलेत?