झेलाचा निवाडा

ग्रीन बेच्या लॅम्बो मैदानावर 11 जानेवारी 2015 रोजी डॅलसच्या डेझ ब्रायंटने घेतलेला झेल रद्दबातल ठरला, त्याला दशकाहून अधिक काळ लोटला. तरी डॅलसमधल्या आम्हा मराठी मंडळींत तो विषय निघाला की आजही आवाज चढतात.

अमेरिकन फुटबॉलमधले झेलाचे तंटे जुनेच. 1972 मध्ये पिट्सबर्गच्या फ्रँको हॅरिसने जमिनीलगत टिपलेल्या चेंडूची फिर्याद ओकलंडवाले आजही सोडत नाहीत. पण खरा अन्यायकाळ 2010 पासूनचा. त्या सप्टेंबरात शिकागोला डेट्रॉइटच्या कॅल्विन जॉन्सनने गोलरेषेपलीकडे उंच उडी घेऊन चेंडू टिपला, दोन्ही पाय टेकवले, आणि खाली पडल्यावर चेंडू धरलेला हात जमिनीला लागताच तो निसटला. पडणाऱ्याने अखेरपर्यंत ताबा राखलाच पाहिजे, या कलमापायी झेल अमान्य होऊन सामना 19-14 असा गेला.

पुढे 2015 च्या त्या सामन्यात डॅलस 26-21 असे पिछाडीवर असताना, चौथ्या डाउनला टोनी रोमोने फेकलेला लांब पास ब्रायंटने सॅम शील्ड्सच्या डोक्यावरून ओढून घेतला, पावले टाकली, पडता पडता गोलरेषेकडे हात लांबवला, आणि जमिनीवर आदळून उसळलेला चेंडू पुन्हा कवटाळला. मैदानावरचा कौल झेलाचाच होता. ग्रीन बेच्या प्रशिक्षकाने दाद मागितली, आणि शिकागोच्याच सामन्यातले मुख्य पंच जीन स्टेराटोर यांनी तो फिरवला. ते नियमाच्या अक्षराला जागले, हे मान्य. माझा रोष ते अक्षर वर्षानुवर्षे जपणाऱ्या, नियम ठरवणाऱ्या समितीवर आहे.

डिसेंबर 2017 मध्ये पिट्सबर्गच्या जेसी जेम्सवर तोच प्रसंग गुदरला, तेव्हा कुठे मार्च 2018 मध्ये संघमालकांनी एकमताने ते कलम काढले. समितीतले जॉन मारा यांनी तर ब्रायंट आणि जॉन्सन यांचे झेल ग्राह्यच धरायला हवेत, असे त्याआधीच उघड सांगितले होते. पण नव्या नियमापायी आता तिसरे पाऊल पडले की नाही, हे पंच मंदगती चित्रफितीत मोजत बसतात. खेळाडू धावत्या वेगाने झेल घेतो; तो धावत्या वेगानेच तपासा आणि चूक ढळढळीत नसेल तर मैदानावरच्या पंचाचा कौल कायम ठेवा, ही माझी मागणी आहे.