जमीन गार, घर उबदार

थंडीत पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं आणि मे महिन्यात तेच गार. पाणी फारसं बदललेलं नसतं, बदलते ती बाहेरची हवा. दहा-पंधरा मीटर खाली जमिनीचं तापमान वर्षभर जवळपास सारखंच राहतं, साधारण त्या गावाच्या वार्षिक सरासरीइतकं.

स्वीडनमधली लाखो घरं याच गोष्टीच्या आधारावर हिवाळा काढतात. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिथे तेलाच्या बॉयलरला पर्याय शोधणं सुरू झालं आणि पुढे हीट पंप घरोघरी पोचले. पुष्कळांना वाटतं, खाली लाव्हा वगैरे असणार. छे! स्टॉकहोमच्या परिसरात शंभर-दीडशे मीटर बोअर मारली तरी खडक सात-आठ अंशांचाच असतो, आपल्या फ्रीजमधल्या भाजीच्या कप्प्यासारखा. मग त्यातून २१ अंशांचं घर कसं ठेवायचं?

उत्तर फ्रीजमध्येच आहे. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. त्याची मागची जाळी किंवा बाजूची भिंत हाताला गरम लागते ती म्हणूनच. इथे आतल्या कप्प्याच्या जागी खडक आणि बाहेरच्या बाजूला घर, एवढाच फरक. बोअरमध्ये सोडलेल्या प्लास्टिकच्या पाइपातून पाणी आणि अल्कोहोलचं मिश्रण फिरतं. ते गोठत नाही आणि खडकाकडून दोन-चार अंश कमावून वर येतं. वर पंपात रेफ्रिजरंट असतं. ते शून्याखालीही उकळतं, त्यामुळे एवढ्याशा उष्णतेनेही त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, तशी ती तापते (सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना, तशीच), घरातल्या नळ्यांच्या पाण्याला उष्णता देते आणि पुन्हा द्रव होते. वीज लागते ती मुख्यतः दाबायला. म्हणून १ युनिट विजेत ३-४ युनिट उष्णता मिळते. साध्या हीटरमधून एकच.

फरशीखालच्या नळ्यांना ३५ अंशांचं पाणी पुरतं. जुन्या रेडिएटरना ५५ लागलं, तर तोच पंप जास्त वीज खातो. पैसे वाचवायला बोअर उथळ मारली, तर खडक वर्षागणिक थंड होत जातो, पंप कमी पडतो आणि मदतीचा विजेचा हीटर चालू होतो. बिल तिथे फुगतं. शेजाऱ्याची बोअर फार जवळ असली तरी तेच. म्हणून दोन बोअरमध्ये साधारण २० मीटर अंतर ठेवतात. नोकरीसाठी तिकडे गेलेल्यांनी घर घेताना पंपाच्या ब्रँडआधी बोअरची खोली विचारावी, असं माझं मत.

आणि आपल्या वडोदऱ्यात? हीच यंत्रणा उलटी चालवून एसीसारखी वापरता येते. पण इथली जमीन मुळातच २७ अंशांच्या आसपास. तिच्यात आठ-नऊ महिने उष्णता ओतायची आणि ती परत काढून घ्यायला स्वीडनसारखा हिवाळा नाही. बोअर पुरेशा नसतील तर जमीन तापतच जाणार.