प्रात्यक्षिक कोणाच्या रानात?

मृगाचा पाऊस पडला की सगळ्यांनाच पेरणीची घाई होते. शेजाऱ्याची तिफण चालली, मग आपली का थांबावी? इथेच दोन-तीन एकरवाल्याचा घात होतो. मोठ्या शेतकऱ्याची पेरणी वाया गेली तर तो दुसरी करतो. आपल्या माणसाला दुसऱ्या बियाण्यासाठी सावकाराचा उंबरा चढावा लागतो. २०२० च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रारींचा ढीग पडला, ते अजून कोणी विसरलेले नाही.

अशा वेळी नुसत्या भाषणाने पटत नाही, डोळ्यांनी पाहिले की पटते. म्हणून कृषी विज्ञान केंद्रे तेलबियांची पीक प्रात्यक्षिके घेतात. १९८६ साली केंद्र सरकारने तेलबिया अभियान सुरू केले, त्यानंतर या कामाला जोर आला. पद्धत साधी आहे. शेतकऱ्याच्याच रानात साधारण एक एकराचा पट्टा सुधारित पद्धतीने पेरायचा आणि शेजारी त्याची नेहमीची पेरणी ठेवायची. माती तीच, पाऊस तोच, कष्ट त्याच घरचे. शेवटी दोन्हींचा माल वेगवेगळा तोलायचा.

त्या पट्ट्यात जादू काहीच नसते. पेरणीच्या आठ दिवस आधी मूठभर बियाण्यातले सरसकट शंभर दाणे ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीने मांडून गुंडाळी करायची. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. साठाच्याही खाली आले तर ते पेरूच नये. हे काम घरातली शाळकरी मुलगीही बिनचूक करते. मग बियाण्याला आधी बुरशीनाशक, शेवटी जिवाणू खत. दहा किलोला २५० ग्रॅमचे पाकीट. सावलीत सुकवून, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच, तीन-चार सेंटिमीटर खोल पेरायचे. बी खोल गेले की सोयाबीन वर येत नाही, आणि दोष मात्र बियाण्यावर जातो.

खताचेही तसेच. डीएपीत गंधक नसते, आणि तेलबियांना तेल धरायला गंधक लागते. सिंगल सुपर फॉस्फेटमधून स्फुरदाबरोबर गंधकही मिळते. पावसाच्या खंडात ओल टिकावी आणि जास्त पावसात पाणी निघून जावे म्हणून रुंद वरंबा-सरीचे यंत्र चांगले. पण ते नाही म्हणून अडू नये. डवऱ्याला दोरी गुंडाळून काही ओळींआड सरी पाडली तरी पुष्कळ काम होते.

आता खरा प्रश्न. हा पट्टा पडतो कोणाच्या रानात? बहुतेकदा रस्त्याकडेच्या, विहीर असलेल्या मोठ्या शेतात, कारण साहेबांची जीप तिथवर जाते! ते पीक पाहून आपली माणसे म्हणतात, "त्याचं पाण्याचं रान आहे." त्यांचे चुकते कुठे? वस्तीच्या वाट्याला आलेली जमीन बहुधा शिवाच्या कडेची, मुरमाड. २००४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नावाच्या योजनेत भूमिहीन नवबौद्ध कुटुंबांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद झाली. प्रात्यक्षिक अशा रानात झाले पाहिजे. बाबासाहेबांनी १९१८ सालच्या निबंधात हेच दाखवले होते की, शेत केवळ लहान आहे म्हणून तोट्याचे ठरत नाही. त्यात भांडवल आणि अवजारे किती पडतात यावर ते ठरते.

तेव्हा एप्रिल-मे महिन्यात सातबारा घेऊन, चार-पाच जणांनी मिळून कृषी विज्ञान केंद्रात जावे आणि पट्टा आमच्या रानात घ्या असा लेखी अर्ज द्यावा. बटईने करणाऱ्याचे नाव उताऱ्यावर नसते, त्याने मालकाला सोबत न्यावे. शेतदिनाला बायकांना आवर्जून बोलवायला सांगावे. निंदणी-काढणी त्याच करतात. आणि तोलताना काटा सर्वांसमोर असावा, खर्चही दोन्ही पट्ट्यांचा मांडावा.

एक गोष्ट मात्र लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या वर्षी बियाणे-खत केंद्राकडून येते. दुसऱ्या वर्षी ते खिशातून आणायचे असते आणि तिथे पुष्कळ जण जुन्या वळणावर जातात. सोयाबीनचा सरळ वाण असेल तर निम्मी अडचण घरीच सुटते, कारण चांगल्या पट्ट्यातले बी पुढच्या दोन-तीन हंगामांसाठी राखता येते. मळणी हळू वेगाने करावी. दाण्याची साल पातळ असते, म्हणून पोते उंचावरून आदळू नये, सातपेक्षा जास्त पोत्यांची थप्पी लावू नये, आणि मृगाआधी पुन्हा शंभर दाणे गोणपाटात मांडावेत.