नोंद नाही म्हणजे शून्य नव्हे

भारतीय हवामान विभागाच्या पुण्याच्या कार्यालयातून देशभराच्या चौकटवार नोंदींच्या फायली संशोधकांना मिळतात. त्यांतल्या तापमानाच्या फायलींत जागोजागी ९९.९ हा आकडा असतो आणि पावसाच्या फायलींत उणे ९९९. पाऊस काही उणे पडत नाही. इथे नोंद नाही, एवढंच त्या आकड्याचं सांगणं. वाचणाऱ्याला ते कळतं, सरासरी काढणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र मुद्दाम सांगावं लागतं. सांगायचं राहिलं आणि २८, ३० व ३२ अंशांच्या जोडीला ९९.९ मोजला गेला, तर सरासरी ४७.५ येते. मे महिन्यातल्या चंद्रपूरसाठी हा आकडा कुणाला खटकणारही नाही. त्या जागी शून्य भरलं तर येते २२.५. दोन्ही बेरजा बिनचूक आणि दोन्ही उत्तरं खोटी.

म्हणून माहिती हाताळणारी भाषा अशा जागी अडली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. संख्याशास्त्रज्ञांची आवडती भाषा 'आर' अडते. तिच्यात हरवलेल्या नोंदीसाठी 'एनए' ही वेगळी खूण आहे आणि एनए असलेल्या रांगेची सरासरी मागितली की उत्तरही एनएच येतं. ही खूण आंधळी नाही. दोन अटींपैकी एक खोटी आणि दुसरी अज्ञात असेल, तर 'दोन्ही खऱ्या आहेत का?' याला आर स्वच्छ 'नाही' म्हणते, कारण अज्ञात अट काहीही निघाली तरी निकाल बदलत नाही. दशांश संख्यांमधला एनए तर फार लोभस रीतीने लपवलेला आहे: 'ही संख्याच नाही' असं सांगणाऱ्या नॅनच्या बिटांमध्ये १९५४ हा आकडा दडवला की तो एनए होतो. आरचे एक जनक रॉस इहाका यांचं जन्मवर्षही तेच.

या विचाराचं श्रेय डेटाबेसच्या संबंधात्मक प्रारूपाचे जनक एडगर कॉड यांना जितकं मिळायला हवं तितकं मिळत नाही. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ साली आल्गोल डब्ल्यू भाषेत आणलेल्या 'नल'ला २००९ मध्ये स्वतःच 'अब्ज डॉलरची चूक' म्हटलं. तेच वाक्य डेटाबेसमधल्या नलविरुद्धही फेकलं जातं. पण होअर यांचा नल स्मृतीतल्या पत्त्याचा होता, हरवलेल्या माहितीचा नव्हे. माहितीच्या नलचा तर्क मांडला कॉड यांनी, खरं-खोटं यांच्या जोडीला 'अज्ञात' हे तिसरं मूल्य धरून. १९९० च्या पुस्तकात ते आणखी पुढे गेले: मूल्य आहे पण ठाऊक नाही, याची खूण वेगळी हवी आणि इथे मूल्य असूच शकत नाही, याची वेगळी. अविवाहिताच्या जोडीदाराचं नाव रिकामं राहणं आणि विवाहिताने ते न भरणं ही एकच गोष्ट नव्हे. डेटाबेसची भाषा एसक्यूएलने मात्र एकाच नलवर भागवलं.

आक्षेप असा की लाखभर नोंदींत एक रिकामी निघाली म्हणून उत्तरच न देणारी भाषा कामाची कशी? पायथन भाषेतलं माहिती हाताळणारं 'पांडाज' अशा नोंदी आपोआप वगळून सरासरी हातात ठेवतं. सोय खरीच आहे. पण वगळणं म्हणजे हरवलेल्या नोंदी उरलेल्यांसारख्याच होत्या असं गृहीत धरणं. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये दाखवलं, की नोंद का हरवली हे कुठल्या परिस्थितीत दुर्लक्षिता येतं आणि कुठल्या नाही. पर्जन्यमापक अतिवृष्टीतच वाहून गेला असेल, तर गाळलेला दिवसच सर्वांत ओला होता आणि उरलेल्यांची सरासरी हटकून कमी येणार. एनए यावर इलाज करत नाही हे मान्य, पण निर्णय माणसाकडे परत पाठवतो. आरमध्ये रिकाम्या नोंदी वगळायच्या तर तसं लिहावं लागतं आणि ते लिहिलेलं पुढे तपासणाऱ्याला दिसतं. पांडाजमध्ये तोच निर्णय न लिहिता होतो. वर्षभर एकही नोंद न झालेल्या केंद्राच्या पावसाची बेरीज पांडाज ०.० देतं. वगळायला सांगितलं तर आरही शून्यच देते, पण तिला ते सांगावं लागतं. पांडाजला उलट, किमान एक तरी नोंद असल्याशिवाय बेरीज देऊ नकोस, हे आठवणीने बजावावं लागतं.