दोन रंगांचा क्रोशाचा गळपट्टा

क्रोशाचें विणकाम म्हटलें कीं आपल्या डोळ्यांसमोर दारावरचें तोरण, ताटावरचें जाळीचें झांकण किंवा टेबलावरचा रुमाल उभा राहतो. आज मला बोलावयाचें आहे तें मात्र लोकरीच्या, दुरंगी, नक्षीदार गळपट्ट्याविषयीं. आणि लोणंदच्या माणसानें लोकरीविषयीं बोलावें यांत नवल नाहीं. दख्खनी मेंढीच्या एका पोटजातीला पशुशास्त्रज्ञ 'लोणंद' याच नांवानें ओळखतात. आमच्या भागांत धनगरांनीं मेंढ्या राखाव्या आणि सनगरांनीं त्यांच्या काळ्या-पांढऱ्या लोकरीचीं घोंगडीं विणावीं, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. त्या घोंगडीचे पट्टे कोणत्याही रंगाच्या कढईंत न बुडवतां उमटतात. मेंढीच्या अंगावर जो रंग तोच कापडावर.

आज ही मेंढी मुख्यतः मांसासाठीं पाळली जाते, आणि लोकरीला कित्येक ठिकाणीं कातरणीच्या मजुरीइतकाही भाव येत नाहीं. मग तिचाच गळपट्टा कां करूं नये, असें कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. सुमारे ३० मायक्रॉनपेक्षां जाड तंतूचें टोंक वांकत नाहीं. तें कातडीला टोंचतें. दख्खनी लोकर याहून पुष्कळच भरड असते. देशाभिमानाखातर मुलांच्या मानेला ओरखडे काढूं नयेत! गळपट्ट्यासाठीं मऊ लोकर घ्यावी. मात्र हीच नक्षी जाड सुईनें भरड लोकरीवर उतरवली, तर बसावयाचें आसन किंवा पिशवी उत्तम होते, आणि त्या लोकरीला घरांत कांहीं काम मिळतें.

दोन सुयांच्या विणकामांत ओळीचे सर्वच टाके सुईवर उघडे असतात. एक सुई निसटली कीं घात झाला. क्रोशांत एका वेळीं एकच फांस मोकळा असतो. पुणें-मिरज मार्गावरील गाडीच्या धक्क्यांत विणावयाचें, तर हेंच विणकाम बरें. पण त्याची एक खोड आहे. प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या अगदीं डोक्यावर न बसतां किंचित् बाजूस सरकतो. त्यामुळें टाक्याटाक्याला रंग बदलून काढलेलें चित्र तिरकें होतें, आणि मागून नेलेला दुसरा धागा मधून डोकावतो. यावर तोड अशी कीं, एका रंगानें जाऊन-येऊन दोन ओळी विणाव्या, मग दुसऱ्या रंगानें दोन. आणि नक्षीसाठीं वरून खालच्या स्वरंगी ओळींत लांब खांब टाकावा. कोणत्याही ओळींत हातीं एकच धागा असतो, दुसरा गुंडा कडेला वाट पाहत बसतो, व धागा तोडावा लागत नाहीं.

मध्यम जाडीची लोकर आणि ५ मिलिमीटरची सुई घ्यावी. पांढऱ्या लोकरीनें २८ साखळ्या घालाव्या, आणि सुईपासूनच्या दुसऱ्या साखळींत आरंभ करून मुके खांब विणावे. ते २७ होतात. प्रत्येक ओळीनंतर वळतांना एक साखळी घालावी, ती मोजूं नये. पांढऱ्या दोन ओळी झाल्या कीं काळा रंग. रंग बदलतांना शेवटच्या खांबाचे दोन फांस सुईवर राहिले असतां ते नव्या धाग्यानें ओढून पुरे करावे. पुढच्या टाक्यापर्यंत थांबलें तर कडेला चुकार ठिपका दिसतो.

काळ्या ओळींत ३ मुके खांब. मग १ साखळी घालून १ टाका सोडावा व ३ मुके खांब, असें ६ वेळां. परततांना खांबावर मुका खांब, साखळीवर साखळी. आतां पांढरी ओळ : १ मुका खांब, १ साखळी व १ टाका सोडणें, १ मुका खांब. पुढें ६ वेळां असें : काळ्यानें सोडलेल्या पांढऱ्या टाक्यांत, साखळ्यांच्या पुढून, १ लांब खांब, १ मुका, १ साखळी व १ टाका सोडणें, १ मुका. परतीची ओळ पूर्वींसारखीच. नंतरच्या काळ्या ओळींत १ मुका, खालच्या काळ्या टाक्यांत १ लांब खांब, १ मुका, मग ६ वेळां १ साखळी व १ टाका सोडणें, १ मुका, १ लांब, १ मुका, आणि परत. या चार ओळी गळपट्टा पुरेसा लांब होईतों चालवाव्या. आडव्या पट्ट्यांना एकाआड एक खुंटे फुटल्यासारखी नक्षी उठते. अखेरच्या पांढऱ्या ओळींत साखळी न घालतां फक्त राहिलेलीं भोंकें लांब खांबांनीं भरून काढावीं.

लांब खांब आखडून ओढला तर कापड चुण्या घेतें. धागा पट्ट्याच्या पूर्ण उंचीइतका वर आणूनच खांब पुरा करावा. कडेनें वर जाणारा धागाही सैल असावा.

रंगवलेली लोकर वापरणार असाल, तर तांबड्या-निळ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यांत रात्रभर गुंडाळून ठेवावा. फडक्याला डाग पडला तर तो रंग पांढऱ्याशेजारीं नको. धुतांना गरम पाणी व चोळणें दोन्ही टाळावें. लोकरीच्या तंतूवरील खवले एकमेकांत अडकून कापड आटतें. ओला गळपट्टा दोरीवर न टांगतां सावलींत आडवा पसरावा, नाहींतर पाण्याच्या भारानें तो लोंबून लांब होतो.