गळपट्टा की हार्नेस? माग काढणाऱ्या श्वानाचा साज

श्वानपथकातील माग काढणारा श्वान नाक जमिनीला लावून दोर ताणत पुढे जातो, तेव्हा तो दोर गळपट्ट्याला बांधलेला असल्यास सारा ताण श्वासनलिकेवर येतो आणि वास हुंगण्यात व्यत्यय येतो. हार्नेस, म्हणजे छाती व खांद्यांभोवती बसणारा पट्ट्यांचा साज, हाच ताण छातीवर विभागतो. मात्र खांद्याच्या सांध्यावरून आडवी जाणारी पट्टी पुढच्या पायांची चाल आखडवते, म्हणून पट्टी छातीच्या हाडावर टेकलेली असावी. आज्ञापालनाच्या सरावात ओढणे अपेक्षितच नसल्याने तिथे साधा गळपट्टा पुरतो. सरावाने असे होते, की दोर गळपट्ट्यावरून काढून हार्नेसच्या पाठीवरील कडीत अडकवताच माग काढण्याची वेळ झाल्याचे श्वानाला शब्दाविना उमगते.