टायमिंग चुकले आणि धडाका झाला

एमटी शेडमधला जबलपूरला बनलेला जुना निसान वन-टन ट्रक उस्तादांनी आम्हाला टायमिंग शिकायला दिला. सहा सिलिंडर, पेट्रोल. मी पुलीवरची खूण जुळवली, डिस्ट्रिब्युटर बसवला, सेल्फ मारला. कार्बोरेटरमधून असा धडाका झाला, की सगळे मागे पळाले!

चूक साधी होती. पिस्टन चार स्ट्रोकमध्ये दोनदा वर येतो, म्हणून खूणही दोनदा जुळते. ठिणगी हवी कॉम्प्रेशनच्या शेवटी. मी एक्झॉस्टचा शेवट धरला होता. आता पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवतो. हवा अंगठा ढकलू लागली, की मगच मॅन्युअलमधल्या अंशाची खूण जुळवायची. रोटरचे तोंड पहिल्या वायरकडे हवे.

सीबी पॉइंटची फट त्याआधीच फीलर गेजने लावा. नंतर बदलली तर टायमिंगही सरकते. मग पॉइंटची वायर आणि बॉडी यांच्यात टेस्ट लॅम्प जोडून इग्निशन चालू करा. डिस्ट्रिब्युटर रोटरच्या उलट दिशेने हळूहळू फिरवा. दिवा लागला, की तिथेच बोल्ट आवळा.

हँडल मारायचे असेल तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. ठिणगी फार लवकर पडली तर हँडल उलटे फिरते, हाड मोडू शकते. उस्ताद हे रोज सांगतात.

दुसऱ्या वेळी ट्रक पहिल्याच सेल्फला सुरू झाला. मागे मात्र सगळे आधीच सरकून उभे होते.